डिसिल्वा मेल्यावर

आमच्या घरी 'डॉन' किती वेळा पाहिला गेला याचा हिशोब नाही. १९७८ चा, अमिताभचा. आमचा जन्म त्यानंतरचा, म्हणून थेटरात पाहण्याचे भाग्य अब्बांचे. आम्ही तो टीव्हीवर पाहिला, बासी ईदेला घरात पाहुणे बसलेले असताना पाहिला, आणि बी. एड. करताना वसतिगृहात पेनड्राइव्हवर पाहिला. कथा पाठ आहे. तरीही चकमकीत डीएसपी डिसिल्वा मरतो तिथे दरवेळी छातीत धस्स होते. शेवट माहीत असलेल्या गोष्टीने धस्स का व्हावे?

कथा वाचकांना माहीत असेलच. डॉन मेलेला आहे, पण हे फक्त डिसिल्वाला ठाऊक. तो डॉनसारखाच दिसणाऱ्या विजय नावाच्या गरीब माणसाला डॉन बनवून टोळीत पाठवतो. टोळी त्याला डॉन समजते, पोलीसही डॉन समजतात. विजय हा विजय आहे याला जगात एकच साक्षीदार, आणि तोच मरतो. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे एक माणूस ओरडून सांगतो आहे की मी मी आहे, आणि त्याच्याजवळ पुरावा नाही. भरीला, ज्याला आपण इंटरपोलचा मलिक समजतो तो मलिक नसतोच. खऱ्या मलिकला डांबून वरदान त्याच्या खुर्चीवर बसलेला असतो. म्हणजे खरा माणूस खोटा ठरतो आणि खोट्याला सगळे सलाम ठोकतात. सलीम-जावेद यांनी हे सगळे इतक्या वेगात मांडले आहे की विचार करायला उसंत मिळत नाही.

विचार घरी आल्यावर सुरू होतो. डिसिल्वा मेल्यावर साक्षीदार उरत नाही असे आम्ही म्हणालो, पण ते खरे नाही. साक्षीदार उरतो, तो अंधारात तिकीट काढून बसलेला असतो. विजय विजयच आहे हे आम्हाला माहीत आहे, आणि आम्ही ते पडद्यातल्या कुणालाही सांगू शकत नाही. मजा नेमकी या कोंडीत आहे. हिचकॉकने हे फार सोपे करून सांगितले होते: टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकांना माहीत नसेल तर स्फोटाने ते क्षणभर दचकतात, माहीत असेल तर टेबलावरच्या साध्या गप्पांनीही त्यांचा जीव टांगणीला लागतो. म्हणजे रहस्यपटाची मजा न कळण्यात कमी आणि कळण्यात जास्त आहे.

आम्ही उर्दू माध्यमात शिकलो आणि उर्दू माध्यमातच शिकवतो, त्यामुळे शब्द आधी उर्दूत सुचतात. उत्कंठेला आमच्याकडे 'तजस्सुस' म्हणतात. जासूस त्याच धातूतून आला. अब्बांच्या ट्रंकेत इब्ने सफी यांच्या 'जासूसी दुनिया'ची पिवळी पडलेली पुस्तके होती, इमरानच्या कादंबऱ्या होत्या. हा इमरान वरून बावळट, आणि आतून तोच खात्याचा प्रमुख एक्स-टू. त्याच्या हाताखालच्या माणसांना हे माहीत नसते, आम्हाला असते. पुन्हा तीच मजा! (इब्ने सफी हे नावही टोपणच, मूळ नाव असरार अहमद. ते नाव इतके चालले की मिळत्याजुळत्या नावांनी नकली कादंबऱ्या बाजारात आल्या. ओळखीची चोरी लेखकालाही चुकली नाही.)

पण तजस्सुस हाच शब्द कुरआनात, सूरह हुजुरातमध्ये येतो, आणि मनाईच्या रूपात येतो. फार संशय घेऊ नका, दुसऱ्याच्या भानगडीत डोकावू नका, पाठीमागे निंदा करू नका, अशा ओळीने येणाऱ्या तीन मनाया आहेत. मधली मनाई तजस्सुसची. ज्याची मनाई आहे त्याचेच नाव आमच्या भाषेने करमणुकीला दिले. मौलवीसाहेबांना विचारले तर सिनेमाच्या हलाल-हरामपासून सुरुवात होईल. तो वाद इथे नको. आमचा प्रश्न त्याहून लहान आहे. निरपराध माणूस फासात अडकताना पाहून आम्हाला आनंद होतो, तो कशाचा? आणि अंधारात मिळालेले हे साक्षीदारपण बाहेर आल्यावर कुठे जाते?

हिचकॉकचाच 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट', १९५९ चा, आम्ही फार उशिरा पाहिला. थॉर्नहिल नावाचा जाहिरातीच्या धंद्यातला माणूस. त्याला जॉर्ज कॅप्लन समजून पळवले जाते, पुढे खुनाचा आळ येतो. गंमत अशी की कॅप्लन नावाचा माणूस अस्तित्वातच नाही. गुप्तहेर खात्याने शत्रूला चकवण्यासाठी तो नुसता कागदावर आणि हॉटेलच्या खोल्यांत निर्माण केला आहे. लोकांना त्यातले पिकांवर औषध मारणारे विमान आठवते. आमच्या मनात मात्र दुसराच प्रसंग अडकून राहिला. एका खोलीत चार-पाच सभ्य अधिकारी बसलेले आहेत. थॉर्नहिल निर्दोष आहे हे त्यांना पुरते माहीत आहे. त्याला सोडवले तर आपला खरा हेर उघडा पडेल, म्हणून ते काहीही न करायचे ठरवतात. कुणी दुष्टपणाने बोलत नाही. एकीला तर वाईटही वाटते. आणि मीटिंग संपते.

आम्ही तो प्रसंग पाहत असताना चहा पीत होतो. खोलीतल्या त्या लोकांना जे माहीत होते ते आम्हालाही माहीत होते, आणि त्यांच्याप्रमाणे आम्हीही बसूनच होतो. 'सर, सिनेमा आहे तो!' असे आमचे एक सहकारी म्हणाले. बरोबर आहे. प्रेक्षकाला उठता येत नाही, म्हणून तो दोषी नाही. पण बसून राहण्याची सवय कुठे लागते, हा प्रश्न उरतोच.

ती खोली खऱ्या जगातही आहे. खालिद अल-मसरी हा लेबनानी आईबापांचा मुलगा, जर्मनीचा नागरिक. ३१ डिसेंबर २००३ ला तो बसने मॅसिडोनियाच्या हद्दीवर पोचला आणि त्याला अडवले गेले. त्याच नावाचा एक माणूस अमेरिकेला हवा होता. स्कोप्येच्या एका हॉटेलात २३ दिवस डांबून मग त्याला सीआयएच्या हवाली केले. मारहाण झाली, अफगाणिस्तानच्या कोठडीत नेले. मे २००४ च्या अखेरीस अल्बेनियातल्या एका रस्त्यावर आणून सोडून दिले. त्याला धरून ठेवण्याजोगे काही नाही हे लवकरच लक्षात आले होते, तरी तो पुढे अनेक आठवडे आतच होता. हे सीआयएच्याच महानिरीक्षकाच्या अहवालात आहे, जो २०१६ मध्ये लोकांपुढे आला. डिसेंबर २०१२ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने मॅसिडोनियाला दोषी धरून ६०,००० युरो भरपाई द्यायला लावली.

रोमन लिपीत या दोन नावांत एका स्वराचा फरक केला जातो, एकात 'इ', दुसऱ्यात 'ए'. अरबीत किंवा उर्दूत तोही नाही. खे, अलिफ, लाम, दाल. दोघेही अक्षरशः तेच. आमच्या पाचवीच्या मुलालाही कळेल की या चार अक्षरांवरून माणूस ठरत नाही. आणि मसरी म्हणजे मिसरचा. हा माणूस मिसरचाही नव्हता. सिनेमातल्या विजयला शेवटी त्याचे विजयपण जसेच्या तसे परत मिळते. अल-मसरीला मिळाले नाही. सुटल्यानंतर तो सावरला नाही. जाळपोळ, मारहाण अशा गुन्ह्यांत जर्मनीत शिक्षा भोगून आला. त्याचा सिनेमा काढला तर लोकांना शेवट आवडणार नाही.

इतक्या दूर जायचेही कारण नव्हते. २००६ साली आम्ही शाळेत होतो. ८ सप्टेंबरला, शब-ए-बरातच्या शुक्रवारी, मालेगावच्या बडा कब्रस्तानात स्फोट झाले. २० ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर आणि ईदच्या आधी, फरहान अख्तरचा नवा 'डॉन' लागला. आम्ही मित्र ईदी खर्चून गेलो. त्यात शेवटी कळते की विजय कधीच मेलेला आहे, आणि ज्याला आपण तीन तास विजय समजलो तो डॉनच होता. डिसिल्वाच वरदान निघतो. जुन्या 'डॉन'ने आम्हाला साक्षीदार केले होते; नव्याने दाखवले की साक्षीदारही फसतो. आम्ही टाळ्या वाजवत बाहेर आलो.

त्याच वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत मालेगावच्या स्फोटांसाठी नऊ मुसलमान तरुणांना अटक झाली. पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये, त्यातल्या सात जणांना जामीन मिळाला. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने ते सगळे आरोपातून मुक्त केले. एक जण तोवर हयात नव्हता. यातले कोण काय होते हे आम्हाला तेव्हा माहीत असण्याचे कारण नव्हते. पण अटकेची बातमी आली तेव्हा आमच्याच मोहल्ल्यात, नमाजनंतर, आमच्याच माणसांच्या तोंडून 'काहीतरी असेल, त्याशिवाय का...' हे वाक्य आम्ही ऐकले. आम्हीही मान हलवली असेल. नुकताच पाहिलेला सिनेमा डोक्यात होता, त्यात तर साधा दिसणाराच डॉन निघतो!

आता आमच्याबद्दल. शाळेचे जनरल रजिस्टर आमच्या ताब्यात आहे. माणसाची ओळख या देशात बऱ्याचदा त्या रजिस्टरात जन्मते. निम्म्या आजोबांची जन्मतारीख १ जून आहे, कारण कुणातरी हेडमास्तरांना तीच सोयीची वाटली. एकच आडनाव बापाच्या दाखल्यात 'शेख', मुलाच्या 'शैख'. एका वर्गात तीन अयान शेख आहेत; आम्ही त्यांना बापाच्या धंद्यावरून हाक मारतो. हे सगळे आम्हाला गमतीचे वाटायचे.

काही वर्षांपूर्वी एक दिवस दोन माणसे चौकशीला आली. आमच्या एका माजी विद्यार्थ्याला सकाळी घेऊन गेले होते. नाव, बापाचे नाव, आडनाव, सगळे कुणाशी तरी जुळत होते. त्यांनी विचारले, 'मुलगा कसा होता?' हा मुलगा तीन वर्षे आमच्या पहिल्या बाकावर बसला होता. गणितात कच्चा, हस्ताक्षर सुरेख, आजीला दवाखान्यात नेण्यासाठी दर गुरुवारी अर्धी सुटी मागणारा. हे सगळे आमच्या जिभेवर होते. आम्ही रजिस्टर उघडले, दाखल्याची नक्कल पुढे सरकवली आणि बोटाने रकाना दाखवला. वर्तणूक : चांगली. प्रगती : समाधानकारक. 'रेकॉर्डप्रमाणे असं आहे,' म्हणालो. प्रत्येक दाखल्यावर आम्ही हेच लिहितो.

त्यांनी काही दरडावले नव्हते. पाणी विचारले, खुर्ची घेतली, नीट बोलले. भीती आमचीच होती. आपले नाव कुठल्या कागदावर चढू नये एवढीच. सूरह बकरात, कर्जाच्या लिखापढीच्या लांब आयतीला लागूनच, साक्ष लपवणाऱ्याविषयी कडक शब्द आहेत. ते आम्ही वर्गात शिकवलेलेही आहेत. आम्ही खोटे काही बोललो नाही, लपवलेही नाही असे म्हणता येईल, रकाना तर दाखवला!

मुलगा संध्याकाळी सुटून आला. माणूस दुसराच होता. बापाने घरी पेढे आणून दिले आणि 'सर, तुम्ही सांगितलं म्हणून' असे म्हणाला. आम्ही पेढा खाल्ला.

तो मुलगा आता बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असतो. मागच्या रमजानमध्ये आमच्या फोनची काच फुटली म्हणून गेलो. त्याने उठून सलाम केला, स्टूल पुढे केले, काच बसवून दिली, पैसे घेत नव्हता, आम्ही बळेच दिले. मग पावतीपुस्तक उघडले, पेन हातात धरले आणि तीन वर्षे ज्याला रोज हजेरी दिली त्या आम्हाला विचारले, 'सर, नाव कसं लिहू?'