प्रतिनिधीचे फळ

रजेवर गेलेल्या सहकाऱ्याच्या जागी तात्पुरता उभा राहणारा तो 'बदली शिक्षक', असे मराठी शाळांतून म्हटले जाते. कर्नाटकात 'अतिथी शिक्षक' हा शब्द रूढ आहे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी या शब्दाची पारंपरिक व्युत्पत्ती आहे. शाळेतील अतिथीच्या बाबतीत नेमके उलटे घडते. त्याच्या येण्याची तिथी कागदावर असते, जाण्याची मात्र बहुधा त्यालाच ठाऊक नसते. मूळ शिक्षक रुजू झाला की त्याचे काम संपते. शब्दातील हा लहानसा विपर्यास एका मोठ्या प्रश्नाकडे नेतो. दुसऱ्याच्या जागेवर उभे राहून केलेले काम कोणाचे? ज्याची जागा त्याचे, की ज्याने ते केले त्याचे?

बंगळुरूच्या पूर्वेला, के. आर. पुरम येथे मुलाकडे काही महिने राहण्याचा योग आला, तेव्हा हा प्रश्न माझ्यापुढे नव्याने उभा राहिला. कृष्णराजपुरमचे रेल्वे स्थानक, त्यालगतचा तारांनी तोललेला पूल आणि जुन्या मद्रास रस्त्यावरची अखंड वर्दळ यांच्या परिसरात देशाच्या नाना भागांतून आलेली माणसे राहतात. आमच्या शेजारी बेळगावकडची एक तरुणी होती. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या शिक्षिकेच्या जागी ती एका शाळेत सहा महिने हिंदी शिकवीत होती. मुदत संपत आली तेव्हा ती रोज संध्याकाळी एका वहीत काही लिहीत बसे. मी विचारले, तेव्हा म्हणाली, "काका, बाई परत आल्या की त्यांना उपयोगी पडेल." वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याची अडचण नोंदवलेली होती. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी. हिंदीत नपुंसकलिंगच नाही. त्यामुळे पुस्तक स्त्रीलिंगी आणि कागद पुल्लिंगी का, हे कोणाला अजून उमगले नव्हते, कोणाला नुकतेच उमगू लागले होते. "मुलं विचारतात, मिस, पुढच्या आठवड्यात तुम्हीच ना? त्यांना काय सांगू?" या तिच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

एकाच्या जागी दुसरा येणे, या घटनेचा विचार आपल्या शास्त्रांनी बारकाईने केला आहे. पाणिनीय व्याकरणात ज्याच्या जागी दुसरे रूप येते तो 'स्थानी' आणि येणारे रूप तो 'आदेश'. वर्णाशी निगडित कार्ये वगळता आदेशाला स्थानीचे धर्म प्राप्त होतात. व्याकरण येथे उदार आहे. मीमांसा मात्र अधिक कठोर आहे. जैमिनीच्या सूत्रांतील सहाव्या अध्यायात सत्राचा विचार येतो. सत्र हा अनेकांनी मिळून करावयाचा दीर्घ याग. त्यात सारेच यजमान असतात आणि फळ सर्वांचे असते. मध्येच एखादा मृत्यू पावला, तर संख्या भरून काढण्यासाठी दुसऱ्याला आणावे लागते. हा नवागत यजमान मानावा काय? सिद्धान्त असा की, मानू नये. तो वेतनावर आणलेला कर्मकर आहे, म्हणून फळावर त्याचा हक्क नाही. तथापि यजमानाने पाळावयाची सारी व्रते त्याने पाळलीच पाहिजेत. म्हणजे कर्तव्ये सगळी, फळ मात्र नाही. बदली शिक्षकाच्या स्थितीचे याहून नेमके वर्णन मला आढळलेले नाही.

आधुनिक न्यायव्यवस्थाही याच द्वंद्वात सापडलेली दिसते. १० एप्रिल २००६ रोजी 'कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, नियमित निवडप्रक्रियेविना सरकारी सेवेत आलेल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला केवळ दीर्घकाळ काम केल्याने कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असा निर्णय दिला. जागा सर्वांसाठी खुली असली पाहिजे, हे त्यामागील तत्त्व न्याय्यच आहे. पुढे २६ ऑक्टोबर २०१६ रोजी, पंजाबातील तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात, समान कामाला समान वेतन हे तत्त्व त्यांनाही लागू असल्याचे त्याच न्यायालयाने मान्य केले. जागेवर हक्क नाही, पण श्रमावर आहे, असा हा विवेक आहे. मात्र महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला झालेल्या तासांचेच मानधन मिळते. दीर्घ सुट्टीत तो शिक्षक असतो की नसतो, याचे उत्तर त्याने स्वतःच शोधायचे असते.

बदली शिक्षक नसावेतच, असे कोणी म्हणणार नाही. बाळंतपणाची रजा ही हक्काची गोष्ट तेव्हाच ठरते, जेव्हा त्या काळात वर्गावर कोणी तरी उभे राहते. एकाची रजा दुसऱ्याच्या उपस्थितीवर तोललेली असते. पण म्हणूनच त्या उपस्थितीला कमी लेखण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. शिवाय मीमांसेनेच दाखवलेला एक भेद येथे उपयोगी पडतो. हविर्द्रव्य मिळाले नाही तर प्रतिनिधिद्रव्य चालते. देवता, अग्नी आणि मंत्र यांना मात्र प्रतिनिधी नसतो. शाळेतही वेळापत्रकातील जागा भरता येते. परंतु न कळणारी गोष्ट मुलाला कळते तो क्षण कोणाच्या वतीने घडत नाही. समोर जो उभा असतो तोच त्या क्षणाचा शिक्षक. शिकवण्याचे फळ यज्ञफळासारखे अदृश्य नसते. ते विद्यार्थ्याच्या ठायी उमटते, आणि विद्यार्थी स्थानी व आदेश असा भेद करीत नाही.

हे मी अधिकाराने लिहीत नाही, अपराधी भावनेने लिहितो. प्रबंधासाठी मी दोन वर्षांची रजा घेतली होती. माझ्या जागी एक तरुण नेमला गेला. मी परतलो तेव्हा माझ्या विषयाचा निकाल उत्तम लागला होता आणि विभागाच्या सभेत त्याबद्दल माझे अभिनंदन झाले. मी ते स्वीकारले. तो तरुण तोवर निघून गेला होता. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शक आहेत, ग्रंथपाल आहेत, टंकलेखकसुद्धा आहे. ज्याच्या श्रमामुळे मला ग्रंथालयात बसता आले, तो नाही. आज त्याचे आडनाव आठवते, नाव आठवत नाही. हा विसर स्मरणशक्तीचा दोष नव्हे. त्याला मी मनोमन 'माझी जागा' समजत होतो, माणूस समजत नव्हतो.

उलट बाजूचे कर्तव्यही आहे. 'मी सहा महिन्यांपुरता' असे म्हणून हात राखून शिकवणारा शिक्षक मुलांची फसवणूक करतो; कारण मुलाचे ते वर्ष तात्पुरते नसते, ते एकदाच येते. के. आर. पुरममधील त्या मुलीने ही व्रते कोणी न सांगता पाळली होती. शेवटच्या दिवशी तिने ती वही शाळेत ठेवली. वहीवर वर्ग आणि तुकडी लिहिलेली होती, स्वतःचे नाव नव्हते. ते का लिहिले नाही, असे मी विचारले. "तिथे लिहायचं असतं का, काका?" ती म्हणाली.

असते, असे मी सांगितले. हे सांगायला मला तीस वर्षे उशीर झाला होता.