थांबायचं कुणी?

सांगलीत वाढलेल्या माणसाच्या कानावर भावाची बोलणी लहानपणापासून पडलेली असतात. हळदीला काय दर निघाला, बेदाण्याला उठाव आहे का, गुळाची आवक किती झाली. माल तयार झाला म्हणून लगेच विकायचा नाही, भाव येईपर्यंत ठेवायचा, हे इथलं जुनं शहाणपण. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं त्यातूनच आली. नदीकाठच्या जमिनीत खोल खड्डे घ्यायचे, आत हळद भरायची, तोंड बंद करायचं. आत हवा नाही, त्यामुळे कीड लागत नाही आणि वर्षं गेली तरी माल टिकतो. २००५च्या महापुराचं पाणी पेवांत शिरलं, फार नुकसान झालं, तरी थांबून विकण्याची सवय काही गेली नाही. पेवांऐवजी गोदामं आली, बेदाणा शीतगृहात जाऊन बसला, इतकंच.

अशा मुलखात घरच्या कॉम्प्युटरला जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकायचा विषय निघाला की घरातलं जाणतं माणूस म्हणतं, "एवढी घाई कशाला? दिवाळीला ऑफर लागेल. अजून उतरतील." साताऱ्यातही हेच ऐकू येतं. तिकडे जोडीला "उसाचं बिल जमा होऊ दे, मग बघू" हेही असतं. उसाच्या बिलाचं मी समजू शकतो. खिशात पैसे नसतील तर थांबावंच लागतं, त्यावर वाद घालायचं कारण नाही. पण पैसे हाताशी असताना निव्वळ भाव उतरण्यासाठी थांबणं वेगळं. हळदीच्या व्यवहारात जे शहाणपण ठरतं, तेच इथे नुकसानीचं ठरतं असं मला वाटतं, आणि हे नुकसान बिलावर छापून येत नाही म्हणून ते सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही.

विकणारा थांबतो तेव्हा त्याचा पैसा अडकतो, व्याज चढतं. पण पेवात पडलेली हळद कुणाच्या रोजच्या कामात आडवी येत नाही. घेणारा थांबतो तेव्हा मात्र त्याला जुनी वस्तू रोज वापरावी लागते. हार्ड डिस्कवर चालणारा दहा-बारा वर्षांचा कॉम्प्युटर चालू केला की विंडोजचं चित्र यायला दोन-तीन मिनिटं, त्यानंतर आयकॉनवर क्लिक करून ते उघडायला आणखी तेवढीच. मध्येच तो हँग होतो, मग माऊस हलवत बसायचं. दिवसाकाठी १० मिनिटं अशी गेली असं धरलं, तर वर्षाचे ६० तास होतात. आणि थांबून वाचणार किती? ५०० जीबीच्या साध्या एसएसडीवर वर्षभरात सहाशे रुपये उतरले, तरी तासाला दहा रुपये पडले. आपल्याकडे शेतातल्या बाईमाणसालाही कुणी तासाला दहा रुपयांवर राबवत नाही. स्वतःच्या घरातल्या माणसाचा वेळ मात्र आपण त्या दराने लावतो.

हा वेळ जातो कुठे, हे एकदा कळलं की त्यावरचा उपायही पटतो. हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरत असतात, बहुतेक डेस्कटॉपमध्ये मिनिटाला ७,२०० फेऱ्या. म्हणजे एका फेरीला ८ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, शिवाय ते टोक योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. असा हिशोब केला तर विखुरलेल्या छोट्या फायली सेकंदाला जेमतेम ७५-८० वेळा वाचता येतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या गोष्टी मागते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. माहिती चिपमध्ये असते, त्यामुळे तेच काम सेकंदाला हजारो वेळा होतं. म्हणूनच जुन्या मशीनला एसएसडी टाकली की ते नवं झाल्यासारखं वाटतं. प्रोसेसर तोच, रॅम तीच. इतकी वर्षं ते दोघेही फिरणाऱ्या चकतीसाठी खोळंबलेले असतात.

मग भावाचं काय? "उतरेल" म्हणणाऱ्यांचं पूर्वी खरं होतं. २००८मध्ये इंटेलने ८० जीबीची एसएसडी आणली तेव्हा तिची किंमत ५९५ डॉलर होती, त्या वेळच्या हिशोबाने २७ हजारांच्या आसपास. तेव्हा जो थांबला, त्याचं चुकलं नाही. पुढची दहा-पंधरा वर्षं उतार चालू राहिला, मध्ये लहानमोठे चढ आले तरी. २०२३च्या मध्याला तर चिपचं उत्पादन इतकं जास्त झालं की भाव तळाला गेले. तेव्हाही "अजून उतरू दे" म्हणत थांबलेले होते. पण सॅमसंग, मायक्रॉन, एसके हायनिक्स यांनी उत्पादन आवरलं आणि २०२४मध्ये भाव वर निघाले. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीच्या चिपा एवढ्या उचलल्या की घरगुती ग्राहकासाठी रॅम आणि एसएसडी दोन्ही महाग झाल्या. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा आपला किरकोळ विक्रीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. सातारच्या दुकानात ज्या ब्रँडचं नाव डोळे झाकून घेतलं जायचं, तोच ब्रँड. हळदीचा भाव निदान पाऊस आणि लागवड बघून अंदाजता येतो. चिपचा भाव ठरतो कोरियात आणि अमेरिकेत, अशा गिऱ्हाइकांच्या मागणीवर जे आपल्या गल्लीत कधी फिरकणार नाहीत.

करातही तसंच. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हा सगळंच स्वस्त होणार म्हणून खरेदी पुढे ढकलणारे खूप होते. मोठे टीव्ही, मॉनिटर २८ टक्क्यांवरून १८वर आले. एसएसडी आधीपासूनच १८ टक्क्यांत होती, ती तिथेच राहिली.

पण भावापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. थांबायचं ठरवतो एक आणि थांबतो दुसराच. सातारा जिल्हा पिढ्यानपिढ्या बाहेर पाठवलेल्या माणसांवर चालला. पाटण-जावळीचे माथाडी मुंबईच्या बाजारात, अपशिंग्याचे जवान सीमेवर, आणि आता मुलगे पुण्यात हिंजवडीला. घरात काय घ्यायचं ते बाहेरचा कमावता माणूस ठरवतो, पूर्वी मनीऑर्डरने, आता फोनवर. त्याच्या हातात स्वतःचा चांगला लॅपटॉप असतो. गावाकडच्या मशीनपुढे बसते ती एमपीएससीची तयारी करणारी बहीण, बचत गटाचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवणारी आई किंवा पेन्शनचा हयातीचा दाखला काढणारे वडील. स्क्रीनवरचं 'थांबा' सांगणारं चाक फिरत राहतं ते यांच्यासमोर. "अजून सहा महिने काढा" हे वाक्य म्हणणाऱ्याला फुकट पडतं.

आणि ही माणसं तक्रारही करत नाहीत. त्यांना वाटतं, कॉम्प्युटर असाच चालतो, किंवा आपल्यालाच येत नाही. साठीची बाई मशीन उघडेपर्यंत उठून कुकर लावून येते आणि त्यात वावगं काही आहे असं तिच्या मनातही येत नाही. चुकीच्या जागी दोनदा क्लिक झालं की आपलंच चुकलं म्हणून ती घाबरते. जे मशीन उत्तर द्यायला इतका वेळ लावतं, त्याच्याकडून नवीन माणूस काही शिकत नाही, फक्त बिचकायला शिकतो. हा तोटा तासांत मोजता येणार नाही.

खर्च न पटण्याचं आणखी एक कारण म्हणजे एसएसडी दिसत नाही. पाडव्याला टीव्ही आला की शेजारी बघून जातात, गाडीला हार पडतो. तळहाताएवढी, काडेपेटीहून कमी जाडीची ही चपटी वस्तू कॅबिनेटच्या आत जाते आणि वरून झाकण बसतं. मी दुकानाच्या काउंटरवर हे काम उभं राहून पाहिलं आहे. पोरगा आधी ब्लोअरने धूळ उडवतो, जुन्या हार्ड डिस्कची साटा केबल आणि पॉवरची वायर ओढून बघतो, नवीन जोडतो, क्लोन मारायला, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवायला लावतो आणि चहाला जातो. स्क्रीनवर टक्के सरकत राहतात. परत आला की जुनी डिस्क काढून मशीन सुरू करतो, आणि बघता बघता डेस्कटॉप समोर. गिऱ्हाईक म्हणतं, "झालं?" त्या एका शब्दात जेवढं आश्चर्य असतं, तेवढं नव्या मॉनिटरला मिळत नाही.

अर्थात प्रत्येक संथ मशीनला हेच औषध नसतं. घेण्याआधी एक तपासणी करावी, तिला पैसे लागत नाहीत. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा. 'डिस्क'च्या खाली १०० टक्के आणि सीपीयू पंधरा-वीस टक्क्यांवर, असं दिसलं तर दुखणं हार्ड डिस्कचंच. मेमरी नव्वदच्या वर असेल आणि रॅम चारच जीबी असेल, तर आधी रॅमचं बघावं. दोन्ही भरलेलं असेल तर दोन्ही लागतील. मशीन दुसऱ्याच कारणाने मरायला टेकलेलं असलं तरी एसएसडी वाया जात नाही. ती पुढच्या मशीनमध्ये बसते, नाहीतर तीन-चारशे रुपयांच्या केसिंगमध्ये घालून पेनड्राइव्हसारखी वापरता येते. "नवीन घ्यायचाच आहे, मग यात कशाला पैसे घाला" याला उत्तर हेच. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला. ज्या मशीनवर ११ चढत नाही, ती लिनक्सवर आणखी काही वर्षं आरामात निघतात, पण तीही एसएसडीवरच.

"लवकर झिजते म्हणे" ही भीतीही ऐकू येते. झीज होते हे खरं. सॅमसंगच्या ८७० इव्होच्या ५०० जीबीच्या एसएसडीला कंपनी ३०० टीबी लिहिण्याची हमी देते. घरात रोज २० जीबी लिहिलं जातं असं धरलं, आणि घरगुती वापराला ते जास्तच आहे, तरी ती मर्यादा गाठायला ४० वर्षं लागतील. खरी काळजी करायची ती वेगळ्या गोष्टीची. हार्ड डिस्क बऱ्याचदा जाण्याआधी टिकटिक करते, अडखळते, सूचना देते. एसएसडी जाते तेव्हा अनेकदा काही न सांगता जाते, आणि तिच्यातून फोटो परत काढणं अवघड आणि महागडं असतं. त्यामुळे दुसरी प्रत हवीच.

इथेच "केव्हा"चं माझं उत्तर येतं. जुनी हार्ड डिस्क धड असताना एसएसडी घ्यावी. बहुतेक घरं डिस्क उडाल्यावर धावतात. तेव्हा क्लोन मारायला काही उरलेलं नसतं, लग्नाचे फोटो गेलेले असतात, आणि घाईत दुकानदार सांगेल तो भाव द्यावा लागतो. वर्षभर सहाशे रुपयांसाठी थांबलेला माणूस त्या दिवशी हजार जास्त देऊन येतो. धड असताना बदलली, तर जुनी डिस्क हातात शिल्लक राहते आणि तीच घरची दुसरी प्रत होते. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहायला एसएसडीपेक्षा हार्ड डिस्कच बरी, कारण विजेशिवाय बंद पडून राहिलेल्या एसएसडीतली माहिती कालांतराने विरू शकते.

ही जुनी डिस्क त्याच घरात ठेवू नये. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५. पाणी उतरल्यावर सांगलीच्या रस्त्यांवर गाद्या, फ्रीज, टीव्ही यांचे ढीग होते. पुराला एसएसडी आणि हार्ड डिस्क यांतला फरक कळत नाही. २०११मध्ये थायलंडला पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि काही आठवड्यांत जगभर हार्ड डिस्कचे भाव जवळपास दुप्पट झाले. दूरच्या पुराने आपल्याला चढा भाव दिला, जवळच्या पुराने डिस्कच नेली. सांगलीतल्या ज्यांचं कुणी साताऱ्याला असेल, मावशी, आत्या, सासर, त्यांनी जुनी डिस्क प्लॅस्टिकच्या डब्यात घालून त्यांच्या कपाटात ठेवायला द्यावी आणि वर्षातून एकदा गौरी-गणपतीला गेल्यावर लावून बघावी. दर पावसाळ्यात कोयनेतून किती विसर्ग सोडला हे विचारायला आपण त्यांना फोन करतोच.

राहिला महिना. तो बाजाराच्या नव्हे, घराच्या कॅलेंडरवर शोधावा. बारावीचं पोरगं असेल तर सीईटीचे फॉर्म सुरू होण्याच्या आठवड्यात मशीन उघडू नये. क्लोन अर्ध्यात फसला तर सगळं घर हवालदिल होतं. परीक्षा संपल्यावर, वळवाच्या विजा सुरू होण्याआधी, एखाद्या शनिवारी दुपारी मशीन दुकानात न्यावं. आणि त्या मशीनपुढे जी व्यक्ती रोज बसते, तिलाही सोबत न्यावं. कोणत्या फायली लागतात, कोणते फोटो हवेत, कोणता पासवर्ड कुठे साठवलेला आहे, हे तिलाच माहीत असतं, पुण्याहून फोन करणाऱ्याला नाही.