दाखला हातात देण्यापूर्वी



वर्गातील एक मुलगा रोज मारामारी करतो, बाईंना उलट बोलतो, इतरांना अभ्यास करू देत नाही. समजावून झाले, आईवडिलांना बोलावून झाले. आता त्याला शाळेतून काढावे का? पालकसभेत हा प्रश्न निघाला की बहुतेकांचे उत्तर तयार असते: एक नासका आंबा सगळी आढी नासवतो.

या उत्तरातील खरेपणा आधी मान्य केला पाहिजे. वर्गातील बाकीची मुलेही कोणाची तरी लेकरे आहेत. जिला रोज छळले जाते त्या मुलीला निर्भयपणे शिकण्याचा हक्क आहे. दया दांडगाई करणाऱ्यावर आणि सोसायचे मात्र दुबळ्याने, याला दया म्हणत नाहीत. समाजाला धोका ठरलेल्या गुन्हेगाराविषयी लिहिताना संत थॉमस अक्वायनस यांनीही सडलेल्या अवयवाचा दाखला दिला आहे: शरीर वाचवण्यासाठी तो कापावा लागतो.

परंतु आंबा आणि मूल यांत मोठा फरक आहे. नासलेला आंबा पुन्हा चांगला होत नाही. मूल होऊ शकते. शाळा याच विश्वासावर उभी असते. ज्याला नीट वागता येत नाही त्याला वागायला शिकवणे हे शाळेचेच काम आहे. रोगी फारच आजारी आहे म्हणून त्याला दवाखान्याबाहेर काढणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू? साथीच्या रोग्याला वेगळे ठेवतात, पण त्याचे औषध थांबवत नाहीत. म्हणून काही दिवस वर्गापासून दूर ठेवणे आणि नाव कायमचे कमी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि दूर ठेवलेला मुलगा ते दिवस एस.टी. स्टँडवर घालवणार असेल, तर तेही औषध नव्हे.

आपल्या देशाचा कायदाही इकडेच झुकतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करण्याची वाट मोकळी झाली, पण काढून टाकण्याची बंदी कायम राहिली. नववीत मात्र हे संरक्षण संपते. शिवाय न काढता काढण्याचे मार्गही आहेत. आईला बोलावून ‘तुम्हीच दाखला घेऊन जा’ म्हटले, की कागदोपत्री कोणी कोणाला काढलेले नसते. आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेले कातकरी मूल परत येते तेव्हा धडे कितीतरी पुढे गेलेले असतात. तेही न काढता बाहेर पडते.

कायद्याने उघडलेले दार आणि खरोखर उघडे असलेले दार, यांतला फरक महाडकरांना सांगायला नको. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तेथे सत्याग्रह करावा लागला. तेच बाबासाहेब लहानपणी साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. शाळेत असूनही ते शाळेबाहेर होते.

१९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून अनेक विद्यार्थ्यांना काढण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांना जागा दिली. त्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. यातून दोन गोष्टी कळतात. काढणाराही चुकू शकतो. आणि काढलेला वाचतो तो दुसरे दार उघडे असल्यामुळे. शहरात एका शाळेने काढले तर पुढच्या रस्त्याला दुसरी असते. पोलादपूरच्या डोंगरातील वाडीवरच्या मुलाला दुसरे हायस्कूल कोठे आहे? शिक्षा तीच, पण इथे ती कितीतरी जड होते.

मत्तयच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा. हरवलेल्या मेंढराचा दाखला तिथेच आहे, आणि न ऐकणाऱ्याला बाहेरचा समजण्याची आज्ञाही तिथेच आहे. पण त्याआधी तीन पायऱ्या आहेत: एकांतात बोला, दोघा-तिघांना बरोबर घ्या, मग मंडळीला सांगा. बाहेरच्या जकातदारांशी प्रभू कसा वागला तेही आपण जाणतो. तो त्यांच्या पंक्तीला बसला. ख्रिस्तसभेच्या कायद्यातही बहिष्कार हे औषध मानले आहे. हट्ट सोडलेल्या माणसाला त्यातून मुक्त करण्याचे नाकारता येत नाही.

आपल्यापैकी काहीजण शाळा व्यवस्थापन समितीवर किंवा पालक-शिक्षक संघात आहेत. अशी वेळ आली तर तीन प्रश्न जरूर विचारा. या मुलाशी कोणी एकांतात, न रागावता बोलले आहे का? ज्याला त्याने त्रास दिला, ते मूल आज सुरक्षित आहे का? आणि हा उद्या सकाळी कोठे जाणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत दाखल्यावर सही होऊ देऊ नका. परक्याचे मूल असले तरी.

ख्रिस्तामध्ये तुमचा,
धर्मगुरू