जवळ बसणारी

२०११ साली आमच्या पहिल्या मुलाच्या वेळी पत्नीला कळा सुरू झाल्या, तेव्हा सासूबाईंना दाराबाहेरच थांबवण्यात आले. "आजी, तुम्ही आत येऊन काय करणार?" असे परिचारिका म्हणाली. तिच्या मनात दुष्टावा नव्हता. एकटीकडे पाच-सहा खाटा होत्या. पण प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. ज्याला दुखणे थांबवता येत नाही, त्याने दुखणाऱ्याजवळ बसून काय होते?

पाश्चात्य देशांत अलीकडे 'डूला' नावाची बाई बाळंतिणीजवळ बसते. ती डॉक्टर नव्हे, सुईणही नव्हे. ती हात धरते, कंबर चोळते, घोटभर पाणी पाजते, काय चालले आहे ते समजावून सांगते आणि बाळ होईपर्यंत उठून जात नाही. शब्द ग्रीक आहे, अर्थ दासी. लूककृत शुभवर्तमानात मरीया देवदूताला उत्तर देताना स्वतःविषयी हाच शब्द वापरते.

अमेरिकेत ह्यूस्टन येथे पहिलटकरणींविषयी केलेला एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. सोबतीण असलेल्यांपैकी शेकडा ८ जणींवर सिझेरियन करावे लागले, नसलेल्यांपैकी १८ जणींवर. आणखी एक गट होता. त्यांच्या खोलीत एक बाई नुसती दूर बसून टिपणे घेत होती. बोलली नाही, स्पर्शही केला नाही. तेथे हा आकडा १३ आला! मला हाच आकडा अधिक विचार करावयास लावतो. ईयोबाच्या मित्रांना आपण नावे ठेवतो, परंतु ते सात दिवस गप्प बसले तोवर त्यांचे काही चुकले नव्हते.

पैसे घेऊन केलेली सोबत खरी कशी, असे कोणी विचारील. पाळकांनाही पगार असतो, एवढेच मी म्हणेन.

घरच्या बाळंतपणात पूर्वी कितीतरी बाया दगावत. तो काळ परत यावा असे कोणी म्हणू नये. पण इस्पितळात जाताना चपला बाहेर काढाव्यात तशी आपण सोबतही बाहेर ठेवली. २०१६ साली आपल्या केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ एका बाईमाणसाला राहू देण्यास मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये तिच्या पसंतीचे माणूस जवळ असावे अशी शिफारस केली. तरी कित्येक ठिकाणी जागा नाही, पडदा नाही म्हणून दार बंदच राहते.

आमच्या धाकटीच्या वेळी सासूबाई आत होत्या. त्यांनी काय केले, असे मी पत्नीला विचारले. ती म्हणाली, "काही नाही. आई होती."