सही कोणाची, शब्द कोणाचा?



पावसाळ्यात भुशी धरणाच्या वाटेवर कणसे भाजणाऱ्या बाया तुम्ही पाहिल्या असतील. माल किती आणायचा, गर्दी ओसरली की भाव किती उतरवायचा, कोळसा उधारीने की रोखीने, हे सगळे त्या उभ्या उभ्या ठरवतात. त्यांना कोणी उद्योजिका म्हणत नाही. आणि घरी जमिनीचा विषय निघाला की पुष्कळदा अशाच बाईला चहा ठेवायला आत पाठवले जाते.

सेमिनरीत ॲरिस्टॉटलचा 'पॉलिटिक्स' शिकताना मी एका विधानापाशी अडखळलो होतो. स्त्रीला विचारशक्ती आहे, पण त्या शक्तीला अधिकार नाही, असा त्याचा आशय. परीक्षेपुरते पाठ केले आणि सोडून दिले. आज वाटते, त्या थोर माणसाने भोवतालची रीत पाहिली आणि तिलाच निसर्ग समजला. स्त्रीच्या शब्दाला वजन नव्हते, कारण ऐकणाऱ्यांनी ते दिले नव्हते.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे उदाहरण घ्या. लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाआधी घरावर घालायला प्लास्टिकचे कापड घ्यायचे होते, म्हणून थोडे थोडे पैसे साठवायचे होते. एवढ्याशा रकमेसाठी बँक खाते उघडून देईना. तेव्हा चेतना सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचे ठरवले. अर्जावर अंगठे होते, म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. म्हणाल्या, कुठल्याही रकमेचे व्याज आम्हाला विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. अक्षरे त्या नव्याने शिकल्या होत्या. हिशेब आधीपासूनच येत होता. म्हणून 'सक्षमीकरण' हा शब्द मला जरा खटकतो. जणू क्षमता आपणच वाटणार आहोत.

आपल्या मावळातही ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असतात. महाराष्ट्राने २०११ साली तसा कायदा केला. काही सरपंचबाई उत्तम कारभार करतात. काही ठिकाणी मात्र सही तिची आणि शब्द 'सरपंचपतीं'चा. "नवरा-बायको एकच, मग फरक काय?" असे मला एकदा विचारले गेले. एकच असतील, तर प्रत्येक वेळी एकाच तोंडून निर्णय का निघावा?

ह्यात आपण ख्रिस्ती लोकही मागे नाही. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील गुणी स्त्री शेत पारखून विकत घेते आणि स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. पण लग्नाच्या मिस्सासाठी ह्या अध्यायातून जे वाचन नेमले आहे, त्यात ते शेत गाळलेले आहे. चाती आणि सूत तेवढे राहिले! अध्याय संपतो तो वेशीपाशी, जिथे गावचे वडीलधारे बसून निवाडा करीत. तिच्या कामाचा गौरव तिथे व्हावा, असे लेखक मागतो.

गेल्या वर्षी धर्मग्रामाच्या सभेत एका भगिनीने छप्पर-दुरुस्तीच्या खर्चाचा हिशेब विचारला. मी उत्तर दिले, पण शेजारी बसलेल्या तिच्या पतीकडे पाहून. त्याने काही विचारलेच नव्हते. सभेनंतर ती शांतपणे म्हणाली, "फादर, प्रश्न माझा होता." तो हिशेब ह्या रविवारी सूचनाफलकावर लावला आहे. तिची प्रत मी तिच्याच हाती दिली. तिने तिथेच उभ्याने बेरीज तपासली.