जीर्णोद्धार आणि डागडुजी

मराठीत दुरुस्तीला शब्द पुष्कळ आहेत आणि माणसांसारख्याच त्यांच्यातही पायऱ्या आहेत. देवळाचा होतो तो जीर्णोद्धार. घराची होते ती डागडुजी. भांड्याला कल्हई, चपलेला टाका आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना औषधपाणी. यांपैकी संगमरवरी पाटी फक्त पहिल्याच्या वाट्याला येते. अमक्या साली अमक्यांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला, अशा पाट्या तुम्ही-आम्ही ढिगाने वाचल्या आहेत. पण ‘अमक्या साली अमक्यांनी न्हाणीघराचा गळका नळ बदलला’ अशी पाटी कुणाच्या घरावर पाहिली आहे? वास्तविक गळक्या छपराचा देवाला त्रास होतो की नाही हा वादाचा विषय आहे. गळक्या नळाचा आम्हाला होतो यात वाद नाही. तरीही पुण्य पहिल्यात. दुसऱ्यात नुसता प्लंबर!

हा भेद मोटारींनाही लागू पडतो. हे मला कळायचे कारण, माझ्याकडे दोन मोटारी आहेत. दोन म्हटल्यावर वाचकांनी लगेच इन्कम टॅक्सवाल्यांच्या नजरेने पाहू नये. त्यांतली एक चालत नाही, म्हणून सगळे तिच्याकडे पाहतात. दुसरी चालते, म्हणून तिच्याकडे कुणीच पाहत नाही.

न चालणारी ती फियाट. अकराशे डिलाइट, १९६८ सालची. माझ्या वडिलांची, म्हणजे आप्पांची. जन्म कुर्ल्याचा, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातला. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर आणि पुढे दिवाणखान्यातल्या कोचासारखे सलग सीट. हिचीच धाकटी भावंडे पुढे १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने नांदली. त्या काळी मोटार दुकानात जाऊन आणीत नसत. नाव नोंदवून वर्षानुवर्षे तिची वाट पाहत. बारशाला नोंदवलेली गाडी मुंजीला मिळाली, तर ती वेळेवर मिळाली असे समजत. आप्पा जाऊन बारा वर्षे झाली. तेव्हापासून ती मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. मांजरांच्या चार पिढ्या तिच्या मागच्या सीटवर जन्माला आल्या. उद्या मालकीहक्काचा दावा लागला तर मांजरे जिंकतील.

चालणारी ती पांढरी. २००९ सालची. हिला आम्ही कधी नाव ठेवले नाही, म्हणजे दोन्ही अर्थांनी. पंधरा वर्षे पुरी झाल्यावर तपासणी होऊन तिला पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली, त्या दिवशी घरात कुणी साधा पेढासुद्धा वाटला नाही. भाजी, बँक, लग्नकार्ये, रात्री दोन वाजता दवाखाना, सगळे तिनेच केले. पण पाहुणे आले की मी त्यांना हाताला धरून मागच्या अंगणात नेतो आणि ताडपत्री वर करतो. पांढरीला वळसा घालून!

अशा स्थितीत माझी दोन लाखांची एक ठेव मुदत भरून हाती आली, आणि तत्त्वज्ञान दारात येऊन उभे राहिले. मध्यमवर्गीयाला तत्त्वज्ञान सुचते ते ठेवीची मुदत भरल्यावरच. या पैशांत फियाटचा जीर्णोद्धार करावा की पांढरीची डागडुजी?

फियाट पाहायला जुने मिस्त्री आले. सत्तरी उलटलेले गृहस्थ. त्यांनी बॉनेट उघडले, आत पाहिले आणि वैद्याने नाडी सोडावी तसे बॉनेट हळूच सोडले.

“साहेब, इंजिन उतरवावं लागेल. बोअर करू, पिस्टन-रिंगा नव्या. खालचा पत्रा पार गेलाय. दारं मिळाली तर कुर्ल्याला मिळतील. ब्रेकचं सगळं नवं. वायरिंग उंदरांनी खाल्लंय.”

“खर्च?”

“तीन लाख धरून चाला. पुढं वर देव आहे.”

पांढरीचा हिशेब साध्या कागदावर मावला. चार टायर, ब्रेक, शॉक अॅबसॉर्बर, एसीचे काम, मागच्या सीटची गादी आणि आईला धरून उठता यावे म्हणून दाराच्या वर एक मजबूत हँडल. सत्तर हजारांच्या आत.

वास्तविक इथे हा लेख संपायला हवा. पण माणूस हिशेबाने वागत असता तर लग्ने झाली नसती. अमेरिकेतल्या धाकट्या भावाचा फोन आला. “दादा, रिस्टोअर कर, काही झालं तरी कर! आपलं बालपण आहे ते.” बालपण दोघांचे आणि ठेव माझ्या एकट्याची, हा मुद्दा मी भावनेच्या भरात मांडला नाही.

आता असे पाहा. इंजिन नवे केले, पत्रा नवा घातला, दारे कुर्ल्याची, वायरिंग आजची, रंग परवाचा. मग आप्पांची फियाट म्हणून जी उभी राहील तिच्यात आप्पांचे काय उरले? हा प्रश्न माझा नव्हे. तो दोन हजार वर्षांहून जुना आहे. मिलिंद नावाचा यवन राजा नागसेन या भिक्षूला भेटायला गेला, तेव्हा नागसेनाने त्याला विचारले, महाराज, आपण कशातून आलात? राजा म्हणाला, रथातून. मग दांडी म्हणजे रथ का? नाही. आस म्हणजे रथ का? नाही. चाके? नाही. असे करीत करीत नागसेनाने राजाचा सगळा रथ तोंडीच सुटा केला आणि राजाकडून कबूल करून घेतले की रथ हे या सगळ्या जुळणीला दिलेले नुसते नाव आहे. राजा शहाणा होता, त्याला पटले. आमच्या मिस्त्रींना पटले नसते. त्यांनी शांतपणे आर. सी. बुक पुढे केले असते. त्यात चेसिस नंबर असतो. आत्म्याचा प्रश्न आर. टी. ओ.ने असा एका पट्टीवर ठोकून सोडवलेला आहे.

सरकारनेही या बाबतीत बराच विचार केलेला दिसतो. केंद्राने २०२१ साली ‘विंटेज’ गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षे झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी वीस हजार रुपये भरून विंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ अशी मानाची अक्षरे मिळतात आणि नोंद दहा वर्षे चालते. मात्र अशी गाडी नेहमीच्या कामासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच तिने घराबाहेर पडायचे. म्हणजे पाहा, तीन लाख घालून मी गाडी दुरुस्त करणार, ती कशासाठी, तर तिला दुरुस्तीला नेता यावे म्हणून! निवृत्त माणसाच्या दिनक्रमाचे इतके अचूक वर्णन मी दुसऱ्या कुठल्याही सरकारी नियमात वाचलेले नाही.

पांढरीची फार सुधारणा करावी म्हटले तर तिथेही कायदा आडवा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमाप्रमाणे आर. सी.तल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाने करायचा नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली हे बजावले आहे. थोडक्यात, मोटारीने फार बदलू नये अशी सरकारची इच्छा आहे. आईच्या हँडलला मात्र कुणाची हरकत नाही.

माझा कल अर्थात फियाटकडे होता. तिच्या रेक्झिनचा उन्हात तापलेला वास, पुढच्या कोचावर आप्पांच्या शेजारी बसण्यासाठी भावाशी केलेली मारामारी, कोल्हापूरला अंबाबाईला जाताना फाट्यावर खाल्लेली भजी. हे सगळे मी जेवताना रंगवून सांगत होतो. आई भात कालवत होती. ती त्र्याऐंशीची आहे. ऐकू कमी येते, पण हवे ते बरोबर येते.

“खंबाटकीचा घाट सांगितलास का?” तिने विचारले.

“त्याचं काय?”

“तुझ्या आप्पांनी ती गाडी चालवली. मी ती ढकलली.”

घाटात गाडी तापायची हे खरे. त्यात गाडीचा दोष नव्हता. पाच माणसांसाठी केलेल्या गाडीत आम्ही नऊ जण असू, शिवाय लाडवांचा डबा आणि पितळी पिंप. आप्पा चाकाशी बसून “हं, लावा जोर!” म्हणत, आणि पदर खोचून जोर लावणाऱ्यांत आई असे. एरवी ती मागे, मांडीवर डबा, डब्यावर धाकटा, आणि धाकट्याला गाडी लागत असे. “गाडी थंड होईपर्यंत ते झाडाखाली विडी ओढायचे,” आई म्हणाली, “आणि मी तुमचे कपडे धुवायचे.”

मला प्रथमच जाणवले की एकाच मोटारीत दोन मोटारी होत्या. पुढच्या सीटवरची आणि मागच्या सीटवरची. मिस्त्री तीन लाखांत त्यांतली कुठली उभी करणार होते? आणि कुठल्या सालची? आणली त्या दिवशीची फियाट आम्हाला आठवतसुद्धा नाही. आम्हाला आठवते ती पडदे लावलेली, टेबलफॅन बसवलेली, एका बाजूला रंगाचा ठिगळ मारलेली. ‘मूळ रूप’ म्हणून आपण जे उभे करतो ते त्या वस्तूचे नसते. ते आपल्याला सोयीच्या आठवणीचे असते.

मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली, तेव्हाही मी हेच पाहिले. शेवटच्या टॅक्सीबद्दल हळहळणाऱ्यांत माझे असे कितीतरी स्नेही होते, जे आधीची दहा वर्षे तिला सोडून एसी गाडीसाठी अर्धा तास ताटकळत. गेलेल्यावर प्रेम करणे सोपे असते. ते पेट्रोल मागत नाही.

तुम्ही म्हणाल, मग जीर्णोद्धार करणारे सगळे वेडे का? मुळीच नाही. मिस्त्री हात पुसत जे बोलले ते माझ्या मनातून अजून जात नाही. “माझा मुलगा कॉम्प्युटर लावून गाडीचा आजार सांगतो. कार्बोरेटर कानानं ऐकायचा असतो, ते त्याला येत नाही. यायचं कारणही नाही. तुमच्यासारखे जुनी गाडी काढतात तेव्हा तो शेजारी उभा राहतो आणि थोडं शिकतो.” म्हणजे त्या तीन लाखांत नुसता पत्रा नव्हता. एक विद्या होती आणि ती पुढे द्यायची शेवटची संधी होती. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी जुन्या गाड्या जरूर उभ्या कराव्यात. आपण रॅलीत उभे राहून टाळ्या वाजवू.

पण ठेव एकच असली म्हणजे प्रश्न गाडीचा राहत नाही, क्रमाचा होतो. ज्या देवळात रोज झाडलोट होते आणि पहिल्या पावसाआधी कौले चाळली जातात, त्याला जीर्णोद्धाराची पाळी सहसा येत नाही. बहुतेक जीर्णोद्धार म्हणजे वेळच्या वेळी न केलेल्या डागडुजीवर चढलेले व्याज. आज विंटेज म्हणून मिरवणारी प्रत्येक गाडी मधली तीस-चाळीस वर्षे नुसती जुनी गाडी होती. त्या काळात तिला कुणीतरी निमूटपणे तेलपाणी करीत राहिले, म्हणून ती पन्नाशी गाठू शकली. त्या कुणातरीचे नाव कुठल्याही रॅलीत पुकारले जात नाही. पांढरी २०५९ साली पन्नास वर्षांची होईल. तेव्हा मी नसेन, पण तिला विंटेज करण्याचे काम आतापासूनच सुरू होते.

शेवटी पांढरीचे टायर बदलले, ब्रेक झाले, मागची गादी भरून घेतली. फियाटसाठी मिस्त्रींना एवढेच करायला सांगितले की गंज खरवडून थांबवा, तेल द्या, वर पत्र्याचे छप्पर घाला. तिला पूर्वीची करू नका, आहे त्याहून वाईट होऊ देऊ नका. आणि येताना मुलाला बरोबर आणा, कार्बोरेटर तेवढा उघडून दाखवा त्याला. मिस्त्रींनी या सगळ्याचे अठरा हजार घेतले आणि “जुनं माणूसच जुन्या गाडीचं दुःख जाणतं” असे प्रशस्तिपत्रक फुकट दिले. मांजरांना नव्या छपरामुळे फार बरे वाटते आहे. अमेरिकेला मी “काम सुरू आहे” असे कळवले, आणि ते खोटे नाही.

परवा आईला डोळे तपासायला नेले. उतरायच्या वेळी नेहमीप्रमाणे मी दार उघडून हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला, वरचे हँडल पकडले, दोनदा झोका घेतल्यासारखे केले आणि आपली आपण उभी राहिली. मग पदर सारखा करून टपावर एक थाप मारत म्हणाली, “एवढ्या वर्षांनी आली हो हिला अक्कल!”