दुमडलेली चिठ्ठी

नाशिकला एके काळी गुलशनाबाद म्हणत. त्या नावाला जागणारं गुलाबवेड्यांचं एक मंडळ तिथे होतं. सभासद 120. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणी डॉक्टर, कुणी द्राक्षबागायतदार, तर कुणी गच्चीवर आठ कुंड्या जिवापाड जपणारी गृहिणी. पाऊस सरला की ऑक्टोबरात छाटणी, मग शेणखत, मग माव्याशी झुंज, आणि जानेवारीत प्रदर्शन. मंडळाचं सगळं वर्ष त्या प्रदर्शनाच्या दोन दिवसांकडे डोळे लावून असे.

अध्यक्ष होते अप्पा. कष्टाळू आणि सरळ माणूस. मांडवाचे बांबूसुद्धा स्वतः मोजून घेत. त्यांनी मंडळाला एक चांगली शिस्त लावली होती. पूर्वी फुलाच्या बाटलीवर मालकाचं नाव उघडं लिहिलेलं असे. परीक्षक फुलाआधी नाव वाचतात, अशी कुजबुज चाले. अप्पांनी नियमच करून टाकला. नाव चिठ्ठीच्या खालच्या भागात लिहायचं, तो भाग दुमडून पिन मारायची, परीक्षक बाहेरगावचे आणायचे आणि त्यांचं काम चालू असताना स्पर्धकांनी मांडवाबाहेर थांबायचं. अध्यक्षांनीसुद्धा.

एका वर्षी याच नियमाने अप्पा हरले. परीक्षकांनी सकाळी पोहे खाल्ले होते अप्पांच्याच घरी. पण ‘क्वीन ऑफ द शो’ ठरलं ते दुसऱ्याच कुणाचं फूल. जात होती ‘पीस’. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा, 1945 साली, ज्याला हे नाव मिळालं तो पिवळा गुलाब, पाकळ्यांच्या कडांना गुलाबी झाक असलेला. चिठ्ठी उघडली, तर नाव निघालं बाईंचं. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. अप्पांनी टाळ्या वाजवल्या, घरी गेले आणि निवांत झोपले.

मंडळाची निवडणूक दर तीन वर्षांनी येई आणि दर वेळी बिनविरोध होई. त्या खेपेला मात्र बाईंनी अध्यक्षपदासाठी अर्ज भरला. कुंड्यांत गुलाब लावणाऱ्या नवख्यांसाठी महिन्याला एक वर्ग घ्यावा, असं त्यांच्या मनात होतं. अप्पांना थोडं लागलं. पण ते म्हणाले, “होऊ दे निवडणूक. त्यात काय?”

निवडणूक झाली. चिटणीस अप्पांचे जुने स्नेही. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे त्याला मत नाही, असं संस्था नोंदणीचा 1860 चा कायदा सांगतो. चिटणीसांनी त्यावर बोट ठेवलं. जी माणसं आठवली त्यांना फोन करून सांगितलं, “वर्गणी भरून टाका हो.” आठवली ती सगळी अप्पांच्या बैठकीतली. बाकीच्यांना आपलं नाव यादीत नाही हे मत द्यायला गेल्यावर कळलं. मंडळाची कचेरी अप्पांच्या घरीच होती, म्हणून मतपेटीही तिथेच राहिली, मिठाईच्या खोक्याला चीर पाडून केलेली. तीन दिवस लोक येऊन चिठ्ठ्या टाकून गेले. चौथ्या रात्री जेवणं झाल्यावर अप्पा आणि चिटणीस दोघांनी दिवाणखान्यात बसून त्या मोजल्या.

अप्पांना 64. बाईंना 24.

निवडणुकीनंतरचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांच्या आत दाखल झाला. कागदोपत्री सगळं चोख होतं. कुणी भांडलं नाही, कुणी तक्रार केली नाही.

जानेवारी आला. एरवी मांडवात टेबलांच्या तीन रांगा भरत. त्या वर्षी एकच रांग भरली, तीही विरळ. बाई आल्याच नाहीत. डॉक्टर आले नाहीत. आठ कुंड्यांची गृहिणी रस्त्यावरून गेली, पण आत वळली नाही.

अप्पा रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. सकाळी उठून थेट बाईंच्या घरी गेले. बाई कुंड्यांतली माती मोकळी करत होत्या.

“बाई, तुम्ही रुसलात.”

“रुसले नाही, अप्पा. बसा.”

“देवाशपथ सांगतो, मी एकही मत इकडचं तिकडे केलेलं नाही.”

“ठाऊक आहे मला. तुम्ही तसले नाही.”

“मग आला का नाहीत?”

बाईंनी खुरपं खाली ठेवलं. “मी हरले की नाही, हेच मला कळलं नाही, अप्पा. हरले असते तर दुसऱ्या दिवशी फुलं घेऊन आले असते.”

अप्पांना उत्तर सुचेना. बाईच पुढे म्हणाल्या, “माझा ‘पीस’ जिंकला ते वर्ष आठवा. समजा, परीक्षण माझ्या घरी झालं असतं. माझ्या भावाने केलं असतं, दार लावून. आणि तुम्हाला नुसता निकाल कळवला असता. तर?”

“तर मी...” अप्पा थांबले.

“माझा भाऊ सज्जन आहे बरं का.”

“तरीही मला झोप लागली नसती,” अप्पा हळूच म्हणाले.

“हो ना? मग फुलाला जे दिलंत ते आम्हालाही द्या. एवढंच.”

अप्पा घरी आले आणि त्यांनी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. सभेत कार्यकारिणीसह राजीनामा दिला आणि निवडणूक नव्याने घ्यायची सूचना मांडली. चिटणीस कुरकुरले. “निकाल तोच लागणार, अप्पा. उगाच वेळ आणि पैसा कशाला घालवायचा?”

“तोच लागू दे. पण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लागू दे.”

मग सभासदांनीच नियम ठरवले. वर्गणीची आठवण सर्वांना एकाच दिवशी, एकाच मजकुरात. मतदारयादी महिनाभर आधी फळ्यावर, म्हणजे ज्याचं नाव गळलं असेल त्याला विचारायला वेळ राहील. निवडणूक अधिकारी शेजारच्या गावच्या मंडळातला, ज्याला इथे ना मत ना उमेदवारी. मतदानाआधी पेटी उलटी करून दाखवायची आणि मग सील करायची. दोन्ही उमेदवारांचा एकेक माणूस पेटीजवळ बसेल. मोजणी सभागृहात, प्रत्येक मतपत्रिका हातात उंच धरून, मोठ्याने नाव वाचून. मतपत्रिकेवर मत देणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही.

“म्हणजे दुमडलेली चिठ्ठीच झाली की ही!” कुणीतरी म्हणालं. अप्पा हसले.

मतदानाच्या दिवशी 110 जणांनी मत दिलं. मोजणी चालली तेव्हा सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. कधी अप्पा पुढे, कधी बाई पुढे. शेवटची मतपत्रिका वाचून झाली.

अप्पांना 57. बाईंना 53.

चारच मतांचा फरक! बाईंच्या बाजूचा एक तरुण उठून म्हणाला, “फेरमोजणी मागा, बाई. नियमात आहे.”

“नियमात आहे, म्हणूनच गरज नाही,” बाई म्हणाल्या. “एकेक मत मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मी हरले.” आणि त्या मनापासून हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अप्पांच्या दारात उभ्या. हातात वही. “नवख्यांचा वर्ग कधी सुरू करायचा? अध्यक्ष तुम्ही, पण शिकवणार मी.”

पुढच्या जानेवारीत तीन रांगा पुरल्या नाहीत. शेजारच्या शाळेतून बाकं आणून चौथी मांडावी लागली. दारात बसून चिठ्ठ्या दुमडायचं काम बाई करत होत्या आणि अप्पा इतर स्पर्धकांबरोबर मांडवाबाहेर उन्हात उभे होते. चिटणीस त्यांच्याजवळ येऊन म्हणाले, “अप्पा, एक कोडं सुटत नाही. चाळीस मतांनी जिंकलो तेव्हा मांडव ओस पडला. चार मतांनी जिंकलो, तर पाय ठेवायला जागा नाही.”

अप्पा म्हणाले, “त्या वेळी मी जिंकलो हे फक्त तुला आणि मला माहीत होतं. या वेळी बाईंनाही माहीत आहे.”

तात्पर्य: जिंकणाऱ्याला आपला विजय नेहमीच पटतो. हरणाऱ्यालाही तो पटावा, अशी निवडणूक घ्यावी. तरच हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामाला येतो.